चार्जिंगच्या पिनांवर सोनं कशाला? मोबाइल, केबल आणि इअरबड्समधला धातूचा मुलामा समजून घेऊया

गेल्या पावसाळ्यात माझ्या इअरबड्सपैकी डावा बड चार्ज होईना. केस उघडली की उजव्याचा लाइट लागायचा, डाव्याचा नाही. काढून परत बसवला, जरा दाबून धरला की लागायचा, हात काढला की गेला. आठवडाभर असंच चाललं. सर्व्हिस सेंटरमध्ये एकाने दोन मिनिटं बघितलं आणि "बॅटरी गेलीय, नवीन जोडी घ्या" म्हणून मोकळा झाला.

घरी येऊन मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं. बडच्या खालच्या बाजूला चार्जिंगचे दोन गोल ठिपके असतात, त्यातला एक पिवळा चकचकीत होता आणि दुसऱ्याच्या मधोमध काळपट हिरवी खूण होती. बॅटरी ठणठणीत होती. गेला होता तो त्या ठिपक्यावरचा सोन्याचा मुलामा, जो आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतो.

आपल्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक गॅजेटचं आयुष्य अशा पातळ थरांवर अवलंबून आहे: चार्जिंग पोर्ट, सिम कार्ड, हेडफोनची पिन, पॉवर बँक, स्मार्टवॉचचा चार्जर. तरी दुकानात कोणी त्याबद्दल विचारत नाही. विचारलंच तर बॉक्सवर छापलेलं "२४ कॅरेट गोल्ड प्लेटेड" दाखवतात. त्या शब्दांचा अर्थ काय, सोन्याऐवजी दुसरे कोणते धातू वापरतात आणि कुठे काय बरोबर, हे आज बघूया.

दोन धातू टेकतात म्हणजे नेमकं काय होतं?

केबल पोर्टमध्ये घातली की दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटले असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. कितीही गुळगुळीत दिसणारा धातू घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली तो सह्याद्रीसारखा दिसतो, सगळे डोंगर आणि दऱ्या. असे दोन डोंगराळ प्रदेश समोरासमोर ठेवले तर फक्त काही शिखरं एकमेकांना टेकतील. सगळा करंट त्या मोजक्या शिखरांमधून दाटीवाटीने जातो. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने या विषयाचा पाया घातला. त्याचं 'इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट्स' हे पुस्तक या क्षेत्रातले इंजिनिअर आजही उघडतात.

या चिंचोळ्या वाटेमुळे जो अडथळा तयार होतो त्याला कॉन्टॅक्टचा रोध म्हणतात. आता त्या शिखरांवर जर धातूचं ऑक्साइड, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला पातळ थर बसला असेल, तर वाट आणखी बंद होते. बहुतेक ऑक्साइडमधून वीज नीट जात नाही.

आकड्यांत बघूया. यूएसबी-सी पोर्टमध्ये २४ पिना असतात. त्यातल्या चार चार्जिंगचा करंट आत नेतात आणि चार परत आणतात. प्रत्येक जोडाचा रोध ४० मिलिओहम धरा. चार पिना समांतर असल्याने एकत्र रोध १० मिलिओहम, जाण्याचे १० आणि येण्याचे १०, मिळून २०. करंट ३ अँपिअर असेल तर उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, ९ गुणिले ०.०२, म्हणजे ०.१८ वॅट. हाताला जाणवणारही नाही. पण पिना खराब होऊन रोध दहापट झाला तर तीच उष्णता १.८ वॅट होते, तीही नखाएवढ्या जागेत. "चार्जिंगला लावला की पोर्टजवळ फोन तापतो" ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते.

करंट वर्गात धरावा लागतो, हे विसरू नका. पूर्वीचे चार्जर १ अँपिअरचे असायचे. ओप्पोच्या ६५ वॅटच्या सुपरवूक चार्जिंगमध्ये १० व्होल्टला ६.५ अँपिअर वाहतात. एकाच रोधावर १ अँपिअरपेक्षा ६.५ अँपिअरला बेचाळीसपट उष्णता होते. फास्ट चार्जिंगच्या केबल महाग का असतात, याचं थोडं उत्तर इथेच आहे. कंपनीच्या नावाचे पैसे असतात ते वेगळे.

सोनं वाहक म्हणून तिसऱ्या नंबरवर आहे

बऱ्याच जणांना वाटतं की सोन्यातून वीज सर्वात चांगली जाते म्हणून ते वापरतात. खरं तर पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा, सोनं तिसरं. केबलची आतली तार तांब्याचीच असते आणि पिनसुद्धा मुळात तांब्याच्या मिश्रधातूची असते. मग वर तांब्यापेक्षा कमी वाहक धातू चढवायचा कशासाठी?

कारण सोनं बदलत नाही. हवा, दमटपणा, रोजची धूळ यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, ऑक्साइड धरत नाही, गंधकाने काळं पडत नाही. आजीच्या पेटीतलं मंगळसूत्र पन्नास वर्षांनी काढलं तरी तसंच पिवळं असतं आणि देवघरातला तांब्या आठवड्यात लालसर-काळा होतो. तांब्याच्या वर सोनं चढवलं की शिखरं स्वच्छ राहतात. थर इतका पातळ असतो की त्याची स्वतःची वाहकता कमी असली तरी फारसा फरक पडत नाही. पृष्ठभाग स्वच्छ असणं हेच इथे महत्त्वाचं.

पण शुद्ध सोनं मऊ असतं. सराफ दागिना २२ कॅरेटचा करतो तो त्याचसाठी. केबल रोज दोन-तीन वेळा घालायची-काढायची म्हटल्यावर मऊ थर घासून जाणार. म्हणून कनेक्टरसाठी 'हार्ड गोल्ड' वापरतात, म्हणजे सोन्यात एक टक्क्याहून कमी कोबाल्ट किंवा निकेल मिसळलेलं. एवढ्याशा भेसळीने सोनं जवळजवळ दुप्पट कडक होतं. त्यामुळे "२४ कॅरेट प्लेटिंग" ही जाहिरात ऐकायला भारी वाटली तरी वारंवार घासल्या जाणाऱ्या पिनसाठी अगदी शुद्ध सोनं हा काही मोठा गुण नव्हे.

खरा प्रश्न जाडीचा आहे. चांगल्या कनेक्टरवर घासणाऱ्या भागात ०.७६ मायक्रोमीटर सोनं देतात, त्याहून भक्कम काम हवं तर १.२७. जरा हात आखडता घेतला तर ०.३८. आणि स्वस्तातल्या मालावर असतो तो 'फ्लॅश', ०.१ मायक्रोमीटरहूनही पातळ, नुसता रंग आणण्यापुरता. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून अंदाज करा. जत्रेतल्या सोन्याचं पाणी दिलेल्या बांगडीसारखंच हे.

पातळ थराचा दुसरा तोटा म्हणजे छिद्रं. सोन्याचा थर जितका पातळ तितकी त्यात सूक्ष्म भोकं जास्त. त्या भोकांतून ओलावा खालच्या धातूपर्यंत जातो, तिथे गंज तयार होतो आणि तो भोकातून वर येऊन सोन्यावर पसरतो. वरून सोनं, आतून पोखरलेलं.

यात किती सोनं लागतं ते मी एकदा हिशोब करून बघितलं. यूएसबी-सीच्या २४ पिनांचा घासणारा भाग प्रत्येकी पाव मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर लांब धरला तर एकूण १२ चौरस मिलिमीटर होतं. त्यावर ०.७६ मायक्रोमीटर थर दिला तर सोनं भरतं सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. सोनं ग्रॅमला दहा हजार रुपये धरलं तर पावणेदोन रुपये. फ्लॅशचा ०.०५ मायक्रोमीटर थर दिला तर बारा पैसे. प्रक्रियेचा खर्च यात नाही, पण दोन्हींतला फरक दीड-दोन रुपयांचा आहे. एका केबलमागे दीड रुपया वाचवला तर लाखो केबलमागे किती वाचतो, हे कारखानदाराला चांगलं कळतं. आपल्याला मात्र बाहेरून दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात.

सोन्याच्या खाली निकेल असतंच, असायलाच हवं

तांब्यावर थेट सोनं चढवलं तर तांब्याचे अणू हळूहळू सोन्यातून वर येतात आणि पृष्ठभागावर काळे पडतात. उष्णतेने हे आणखी लवकर होतं. म्हणून मधे निकेलचा थर देतात, साधारण १.२५ ते २.५ मायक्रोमीटर. तो तांब्याला अडवतो आणि कडक असल्याने वरच्या मऊ सोन्याला आधार देतो. मातीच्या जमिनीवर थेट फरशी न लावता आधी कोबा करतात, तसं.

नुसतं निकेल वापरलेलेही कॉन्टॅक्ट असतात. रिमोटमधल्या सेलच्या स्प्रिंग बघा, पांढऱ्या चकचकीत असतात त्या. यूएसबीचं बाहेरचं धातूचं कवचही अनेकदा निकेल चढवलेलं असतं. निकेल स्वस्त आणि टणक आहे, पण त्याचं ऑक्साइडही टणक असतं, ते तोडायला जोर लागतो. सेलची स्प्रिंग जोरात दाबते म्हणून तिथे चालतं. रिमोट बंद पडल्यावर आपण सेल जागच्या जागी फिरवतो आणि तो परत चालू होतो, ते आपण नकळत ऑक्साइड खरवडलेलं असतं.

काही जणांना निकेलची ॲलर्जी असते. घड्याळ किंवा बँडच्या मागच्या कॉन्टॅक्टजवळ खाज येत असेल तर मुलामा झिजून निकेल उघडं पडलंय का, हेही बघायला हवं.

कथील म्हणजे आपली कल्हई

पितळेच्या पातेल्यांना कल्हई लावतात, ती कथलाचीच. का लावतात? ताक, आमटी थेट पितळेत ठेवली तर कळकते. खालच्या धातूचा आणि पदार्थाचा संबंध येऊ नये म्हणून मधे कथील. इलेक्ट्रॉनिक्समध्येही कथील याच कामाला येतं आणि सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. गाडीतले कनेक्टर, मिक्सर-फ्रिजच्या आतल्या वायरींची टोकं बहुतेक कथलाचीच असतात.

कथलावरही ऑक्साइड येतं, पण त्याची गंमत आहे. ऑक्साइड पातळ आणि ठिसूळ, खालचं कथील मऊ. जोराने दाबलं की तळ्यावरचा बर्फ फुटावा तसा वरचा थर फुटतो आणि आतलं मऊ कथील वर येऊन जोड होतो. अट एकच, दाब भरपूर हवा, प्रत्येक जोडाला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास. चोवीस पिनांच्या इवल्याशा पोर्टमध्ये एवढा दाब दिला तर केबल काढता-घालताना कसरत होईल. म्हणून तिथे सोनं.

कथलाचा खरा शत्रू म्हणजे बारीक थरथर. जोड केसाएवढासुद्धा पुढे-मागे हलत राहिला की प्रत्येक वेळी ताजं कथील उघडं पडतं, त्याचं लगेच ऑक्साइड होतं, त्याची काळी पूड जोडातच साठते. इंजिनिअर याला फ्रेटिंग म्हणतात. बाइकच्या हँडलवर मोबाइल होल्डर लावून चार्जिंग करत खड्ड्यांतून जाणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. फ्लॅश सोन्याची केबल असेल तर थरथरीने सोनं झिजून खालच्या निकेलवर हाच प्रकार सुरू होतो.

आणि एक नियम: सोन्याला सोनं, कथलाला कथील. एक बाजू सोन्याची आणि दुसरी कथलाची असेल तर कथील घासून सोन्यावर चिकटतं, तिथे त्याचं ऑक्साइड होतं आणि सोनं असूनही जोड बिघडतो. नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटरमध्ये रॅमच्या पट्ट्या कधी सोन्याच्या पिनांच्या, कधी कथलाच्या यायच्या. सॉकेट ज्या धातूचं, पट्टी त्याच धातूची घ्या, असं तेव्हाचे जाणकार बजावून सांगायचे.

चांदी, जास्त करंट आणि व्हेपचं उदाहरण

चांदी सर्वात चांगली वाहक, सोन्यापेक्षा खूप स्वस्त. मग सगळीकडे चांदी का नाही? पैंजण काळे का पडतात, तेच कारण. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर काळा सल्फाइडचा थर येतो. खाडीकाठी किंवा गटाराजवळ राहणाऱ्यांच्या घरात चांदीची भांडी लवकर काळी पडतात, हे तुम्ही बघितलं असेल. दुसरी खोड जास्त वाईट आहे. दमट हवेत, दोन पिनांमध्ये व्होल्टेज असताना, चांदीचे कण एका पिनेकडून दुसरीकडे सरकतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे वाढत शॉर्ट करू शकतात. दाटीवाटीच्या पिनांमध्ये हे परवडत नाही.

पण जिथे करंट मोठा आणि दाबही मोठा, तिथे चांदीच लागते. भिंतीतले स्विच, रिले, एमसीबी यांच्या आत करंट जोडणारे-तोडणारे ठिपके बहुधा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. सल्फाइडचा थर मऊ असतो, जोरात दाबल्यावर किंवा घासल्यावर निघून जातो. तिथे सोनं दिलं तर स्विच उघडताना उडणाऱ्या ठिणगीने पातळ थर जळून जाईल.

सोनं की चांदी, या प्रश्नाची सर्वात कडक परीक्षा छोट्या उपकरणांत बघायची तर ती ई-सिगारेट, म्हणजे व्हेपमध्ये दिसते. भारतात २०१९ च्या कायद्याने त्यांचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे इथे ती फक्त गणितापुरती. अशा उपकरणात बॅटरीचा भाग आणि कॉइलचा भाग '५१०' नावाच्या आट्यांच्या कनेक्टरने जोडतात. कॉइलचा रोध ०.२ ओहम आणि बॅटरी ४ व्होल्ट असेल तर करंट २० अँपिअर होतो, घरातल्या गीझरच्या दुप्पट. अशा वेळी जोडाचा रोध फक्त १० मिलिओहम असला तरी ४ वॅट उष्णता कनेक्टरमध्येच तयार होते. शिवाय कॉइलच्या ०.२ ओहमच्या मानाने हे १० मिलिओहम पाच टक्के आहेत, त्यामुळे रोध मोजून तापमान ठरवणारं सर्किटही फसतं. चांदी चढवली तर आट्यांनी घट्ट पिळल्यावर जोड छान होतो, पण वाफेच्या चिकट द्रवात आणि उष्णतेत ती लवकर काळवंडते. सोनं चढवलं तर काळवंडत नाही, पण पुन्हा पुन्हा पिळल्याने पातळ थर खरवडून खालचं पितळ दिसायला लागतं. म्हणून मधल्या पिनेवर जाड सोनं आणि त्याखाली निकेल हा तोडगा सुरक्षित ठरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिनेखालच्या स्प्रिंगमधून करंट जाऊ द्यायचा नाही, त्याला वेगळी वाट द्यायची. स्प्रिंग तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की दाब कमी होतो, दाब कमी झाला की रोध वाढतो आणि ती आणखी तापते.

हाच धडा इअरबड्सच्या केसमधल्या वर-खाली होणाऱ्या पिनांनाही लागू आहे. त्यांना पोगो पिन म्हणतात. करंट अगदी थोडा, पण स्प्रिंगचा दाबही अगदी थोडा. दाब कमी म्हणजे ऑक्साइड तोडायची ताकद नाही. म्हणून कथील-निकेल इथे बाद, सोन्याशिवाय इलाज नाही.

पॅलेडियम आणि रोडियम

सोनं महागल्यावर कनेक्टर कंपन्यांनी पॅलेडियम-निकेल मिश्रधातू वापरायला घेतला. तो सोन्यापेक्षा टणक, त्यामुळे झिजतो कमी. त्याच्यावर घासण होत राहिली तर हवेतल्या सेंद्रिय वाफांपासून तपकिरी पूड तयार होते, म्हणून वरून सोन्याचा फ्लॅश देतात. इथे फ्लॅश ही लबाडी नसते, खाली भक्कम धातू असतो. गंमत म्हणजे २०१९ च्या सुमारास पॅलेडियमच सोन्यापेक्षा महाग झालं होतं.

रोडियम तुम्हाला सराफाकडे भेटलेलं असेल, व्हाइट गोल्डच्या अंगठीला पांढरी चकाकी द्यायला ते चढवतात. महागड्या यूएसबी-सी कनेक्टरमध्ये करंटच्या पिनांवर रोडियम-रुथेनियमचा थर देतात. या पिना पिवळ्या नसून करड्या-पांढऱ्या दिसतात. त्यामुळे "पिन पिवळी नाही म्हणजे केबल डुप्लिकेट" असा शेरा मारायची घाई करू नका. एवढा महाग धातू का द्यावा लागला, ते पुढे.

सोनं असूनही पिन काळी का पडते?

शाळेतला विद्युत विलेपनाचा प्रयोग आठवा. द्रावणात दोन पट्ट्या, बॅटरी जोडली की धन बाजूच्या पट्टीचा धातू विरघळतो आणि ऋण बाजूवर जाऊन बसतो. मुलामा असाच चढवतात. तुमच्या चार्जिंग पोर्टमध्ये घामाचा एक थेंब गेला आणि केबल लावलेली असली, तर हाच प्रयोग तिथे सुरू होतो, फक्त यात चढवलेला मुलामा उतरतो. घामात मीठ असतं, चार्जरचे ५ व्होल्ट तयार असतात. धन बाजूची पिन विरघळायला लागते. आधी सोन्याच्या छिद्रांतून निकेल आणि तांबं जातं. मीठ आणि पुरेसं व्होल्टेज असेल तर सोनंसुद्धा विरघळतं. हवेत पन्नास वर्षं टिकणारं सोनं घामात आणि विजेत काही तासांत हार मानू शकतं. रोडियम-रुथेनियम इथे जास्त तग धरतात, म्हणून तो खर्च.

केबलच्या सगळ्या पिना चांगल्या आणि एक-दोनच काळ्या असतील तर त्या करंटच्या धन पिना असण्याची शक्यता खूप जास्त. माझ्या इअरबडचा ठिपकाही धन बाजूचाच होता. जिममधून आलो की घामेजलेले बड तसेच केसमध्ये टाकायची माझी सवय होती. केस बंद, आत ओल, पिनांवर व्होल्टेज. अजून काय हवं?

इथे एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. यूएसबी-सीच्या नियमाप्रमाणे दोन्ही टोकं सी असलेल्या केबलमध्ये समोर उपकरण जोडलंय हे ओळखल्याशिवाय चार्जर व्होल्टेज सोडत नाही. पण जुन्या चौकोनी यूएसबी-ए चार्जरमध्ये ५ व्होल्ट कायम चालू असतात. म्हणजे ए-टू-सी केबल चार्जरला लावून, बटण चालू ठेवून, टोक ओट्यावर लोंबत ठेवलं असेल तर त्या टोकावर चोवीस तास व्होल्टेज आहे. शॉक बसणार नाही, पण दमट हवेत, ओल्या हाताने लावलेल्या पिना हळूहळू खराब होत राहतील. फोन काढला की बटण बंद करा. वीज वाचेल ती थोडीच, केबल मात्र नक्की वाचेल.

फोनवर "पोर्टमध्ये ओलावा आहे" अशी सूचना येते ती याच धोक्यासाठी. काही जण ती बंद करून चार्जिंग चालूच ठेवतात. करू नका. पोर्ट खाली करून हलकेच झटका, वाऱ्यावर ठेवा, वाट बघा. तांदळाच्या डब्यात फोन ठेवायचा उपाय ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये करू नका म्हणून सांगितलाय, तांदळाचा कोंडा आत जातो.

खरेदी आणि साफसफाई

मुलाम्याची जाडी डोळ्यांनी कळत नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. केबलच्या बॉक्सवर कॅरेट लिहिलेलं असतं, मायक्रोमीटर क्वचितच. मी तरी कॅरेटकडे बघतच नाही. किती अँपिअर आणि किती वॅट लिहिलंय, वॉरंटी किती आणि ती खरंच मिळते का, हे बघतो. नवी केबल महिनाभर वापरून पिना झूम करून बघा. पिवळ्याच्या मधे पांढरी किंवा लालसर रेघ दिसायला लागली तर सोनं संपलं, निकेल किंवा तांबं दिसतंय.

यूएसबी-सीचा कनेक्टर १०,००० वेळा घाला-काढायला बनवलेला असतो. दिवसाला तीनदा धरलं तरी नऊ वर्षं. ते मोजमाप स्वच्छ प्रयोगशाळेतलं, आपल्या खिशातल्या धुळीत आणि कापसाच्या तंतूंत ते तेवढं टिकत नाही. पण या डिझाइनमधली एक हुशारी आपल्या फायद्याची आहे: दाबणाऱ्या स्प्रिंग केबलच्या टोकात ठेवल्यात, फोनमध्ये फक्त सपाट पट्ट्या आहेत. झिजणारा भाग स्वस्तातल्या वस्तूत. त्यामुळे चार्जिंग लूज झालं की आधी दुसरी केबल लावून बघा, मग पोर्टमधला कचरा बघा, आणि पोर्ट बदलायचे पैसे शेवटी.

एचडीएमआय केबल सोन्याची घेतली म्हणून टीव्हीचं चित्र सुधारत नाही. डिजिटल सिग्नल एकतर नीट पोचतो किंवा तुटतो. सोन्याने काही वर्षांनंतरही जोड चांगला राहील, एवढंच. ३.५ मिलिमीटरच्या हेडफोन पिनचंही तसंच, जुनी पिन फिरवल्यावर खरखर येते ती ऑक्साइडची आणि मळाची.

साफ करताना आधी उपकरण बंद, चार्जर काढलेला. पोर्टमधला कचरा लाकडी टूथपिकने अलगद, सुई किंवा सेफ्टी पिनने नाही. इअरबडचे ठिपके, सिम कार्ड, घड्याळाचे कॉन्टॅक्ट यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसा. सॅनिटायझर जेल नको, त्यातले इतर पदार्थ चिकट थर सोडतात. पॉलिश पेपर, नेलफायलर तर अजिबात नको. खोडरबराने पिना घासायचा जुना उपाय रॅमच्या जाड सोन्याला एखाद्या वेळी चालून जातो, फ्लॅश दिलेल्या पिनेवर मात्र तुम्ही उरलंसुरलं सोनंच खोडत असता.

माझा डावा बड अल्कोहोलने पुसल्यावर त्याच रात्री पूर्ण चार्ज झाला. पाच-सहा आठवड्यांनी खूण परत आली, कारण तिथलं सोनं गेलंय ते गेलंच. आता जिमच्या बॅगेत एक चष्म्याचं कापड ठेवलंय. बड पुसतो, दहा मिनिटं उघड्यावर ठेवतो, मग केसमध्ये. महिन्यातून एकदा तो ठिपका साफ करावा लागतो. उजवा अजून पिवळाच आहे.